मुलगा साडेतीन वर्षं बोलत नाही. वाट बघायची की आपण जायचं?

शरणपूरकर६६ | २ डिसेंबर, रात्री ११:४०

सर्वांना सलाम. इथे मी वाचतो बरंच, लिहितो क्वचित. वय ६६, निवृत्त. राहायला नाशिकला, शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत, चर्चची घंटा घरात ऐकू येते.

मुलगा पुण्याला असतो. सहा वर्षांपूर्वी त्याने रजिस्टर लग्न केलं. मुलगी हिंदू, चांगल्या घरातली. आमचं म्हणणं एवढंच होतं की लग्न चर्चमध्ये व्हावं. त्याने ऐकलं नाही, आम्ही गेलो नाही. मग अधूनमधून फोन व्हायचे, तेही तुटक. साडेतीन वर्षांपासून तेही बंद. एक नात आहे. तिला मी पुतणीच्या मोबाइलवर पाहिलं आहे.

रोज पहाटे साडेपाचला त्याच्यासाठी गुडघे टेकतो. एक दिवस चुकवलेला नाही. हल्ली उठताना पलंगाचा कठडा धरावा लागतो, गुडघे साथ देत नाहीत. घरात कोणाला सांगितलेलं नाही, उगाच डॉक्टर सुरू होतील.

प्रश्न असा. बायबलमध्ये लूकच्या १५व्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. धाकटा मुलगा दूर देशी गेला. बाप त्याच्या मागे गेला नाही, घरी थांबला. मुलगा शुद्धीवर आला आणि स्वतःच्या पायांनी परतला. मग मीही थांबणंच योग्य ना? आमच्या मंडळींचं म्हणणं उलट आहे. त्या दर नाताळला त्याच्या आवडीच्या करंज्या करतात आणि गल्लीत वाटून टाकतात.

ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी विश्वासाच्या आधाराने ती कशी निभावली, ते सांगावं. वाद नको.

देवळालीकर | २ डिसेंबर, रात्री ११:५२

'वाद नको' असं लिहिलंत काका, आता शंभर प्रतिसाद कुठे जात नाहीत.

जुना_संडेस्कूलवाला | ३ डिसेंबर, सकाळी ७:१०

थांबा. अगदी बरोबर करताय. हल्लीच्या मुलांना आईबापांनी मागे धावायची सवय लावून ठेवली आहे. दहा आज्ञांतली पाचवी स्पष्ट आहे: आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख. 'मुलांचा मान राख' अशी अकरावी कुठे दिलेली नाही.

नाशिकरोडची_मेरी | ३ डिसेंबर, सकाळी ८:०२

पाचवी तुमची. आमची चौथी.

तिखट_जाळ | ३ डिसेंबर, सकाळी ८:१५

म्हणजे? आज्ञासुद्धा वेगवेगळ्या? (मी हिंदू आहे, खरंच विचारतोय.)

नाशिकरोडची_मेरी | ३ डिसेंबर, सकाळी ८:३१

आज्ञा त्याच, मोजणी वेगळी. मूर्ती करू नको ही आज्ञा कॅथलिक पहिलीतच धरतात, प्रोटेस्टंट दुसरी म्हणून वेगळी मोजतात. त्यामुळे आईबाप आमच्याकडे चौथ्या नंबरवर आणि त्यांच्याकडे पाचव्या. आमच्याकडे शेवटी लोभाच्या दोन होतात, म्हणून बेरीज दहाच. माझं माहेर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट), सासर कॅथलिक. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंशी यावरून वाद झाला आणि दोघीही बरोबर निघालो.

पाळकीणबाई | ३ डिसेंबर, दुपारी १:२०

काका, तुम्ही अध्याय अर्ध्यातून वाचताय. तिथे गोष्ट एक नाही, तीन आहेत. पहिल्या गोष्टीत मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून एकाला शोधायला निघतो. दुसऱ्या गोष्टीत बाई दिवा लावून, घर झाडून नाणं शोधते. बाप घरी थांबतो तो फक्त तिसऱ्या गोष्टीत. आणि थांबतो म्हणजे दार लावून बसतो का? मुलगा लांब असतानाच बापाला दिसतो. म्हणजे त्याची नजर रस्त्यावर होती. दिसल्याबरोबर म्हातारा धावत सुटतो.

अजून एक गंमत बघा. मुलगा वाटेत भाषण पाठ करत आलेला असतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. प्रत्यक्षात शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. बाप मध्येच झगा आणा, अंगठी आणा म्हणून सुटतो.

माझे मिस्टर पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आहेत. आमच्याकडे अशी घरं वर्षाला चार-पाच येतात. बहुतेक आईबाप ते शेवटचं वाक्य ऐकायला थांबलेले असतात.

शरणपूरकर६६ | ३ डिसेंबर, दुपारी ३:०५

पाळकीणबाई, विचार करायला लावलंत. पण त्या मुलाने काही कबूल तरी केलं होतं. आमचा तर आपलं काही चुकलं असं मानतच नाही.

सिडको_४ | ३ डिसेंबर, रात्री ९:४४

मी दुसऱ्या बाजूची आहे. सात वर्षं झाली, वडिलांशी बोलत नाही.

वडील प्यायचे आणि मारायचे. आईला, मग मला. आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) चर्चमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात गायचे. त्यांचा आवाज खरंच सुंदर आहे, तेच जास्त लागायचं. आई गेल्यावर मी घर सोडलं. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला घरी बोलावून उधळ्या पुत्राचीच गोष्ट ऐकवली. मी विचारलं, यात मी कोण? कोणी बोललं नाही. चहा आला.

क्षमा केली का? हो, बहुतेक. त्यांच्या औषधांचे पैसे दर महिन्याला दुकानदाराच्या खात्यावर टाकते, त्यांना माहीत नाही. झोपताना प्रार्थना करते, दोनच वाक्यांची: बापा, त्यांना सांभाळ. मला त्यांच्या घरी पाठवू नकोस. बायबलमध्ये पौलाच्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात सर्वांबरोबर शांतीने राहा असं आहे, पण त्याच्या आधी 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितकं' असंही आहे. पौलाने ते शब्द उगाच टाकले नसतील.

काकांचं घर वेगळं आहे, हे मला कळतं. एवढंच सांगायचंय की बोलणं तोडलेला प्रत्येक मुलगा उधळा नसतो.

जुना_संडेस्कूलवाला | ३ डिसेंबर, रात्री १०:०८

ताई, मारहाणीची गोष्ट निराळी. माझं म्हणणं तुमच्यासाठी नव्हतं.

सिडको_४ | ३ डिसेंबर, रात्री १०:११

माहीत आहे. पण 'आईबापाचा मान राख' मला ऐकवलं जातं तेव्हाही तसंच सरसकट असतं.

तिखट_जाळ | ४ डिसेंबर, सकाळी ९:३०

विषय जड झालाय म्हणून एक विचारतो. शरणपूर हे नाव शरण आलेल्यांचं गाव म्हणून पडलं का?

गोदाकाठचा_इतिहासवेडा | ४ डिसेंबर, सकाळी ११:१५

अर्थ तोच. १९व्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली. धर्म बदलला म्हणून घरच्यांनी, जातीने तोडलेल्या माणसांना राहायला जागा आणि हाताला काम हवं होतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे आणून शिकवली गेली. १८७३ साली शोधप्रवासी लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला, त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. तो नाशिकला शिकलेला. आईबाप कायमचे तुटलेली मुलं आपल्या या रस्त्याच्या आसपास वाढली, आणि आज तिथे पार्किंगवरून भांडणं होतात.

देवळालीकर | ४ डिसेंबर, सकाळी ११:२०

विषय मुलाचा होता, तुम्ही आफ्रिकेत पोचलात.

गोदाकाठचा_इतिहासवेडा | ४ डिसेंबर, सकाळी ११:४२

पोचलो ते मुद्द्यासाठीच. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर इथलंच, नाशिकजवळचं जलालपूर. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा घर फुटलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग आधी एकत्र राहणं झालं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घेतला तो आपल्या मनाने, आपल्या वेळेला. हा क्रम लक्षात घ्या. घर आधी जुळलं, पाणी नंतर.

काका, राग मानू नका. तुमच्या पणजोबांनाही तेव्हा कोणीतरी 'आपल्यातला राहिला नाही' म्हणून घराबाहेर काढलंच असेल ना?

शरणपूरकर६६ | ४ डिसेंबर, रात्री ८:५०

खापरपणजोबा. सिन्नरकडचे. त्यांच्या बापाने जिवंतपणी त्यांच्या नावाने आंघोळ केली होती. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगतात. मीच मुलाला सांगितली होती, तो आठ-नऊ वर्षांचा असताना. तेव्हा त्याने विचारलं होतं, मग तो बाप नंतर कधी भेटायला आला का?

थोरला | ४ डिसेंबर, रात्री ११:३३

सगळे धाकट्याबद्दल बोलताहेत, म्हणून मी बोलतो. मी घरी राहिलेला. वडिलांचं डायलिसिस, आईचा मोतीबिंदू, घरपट्टी, सगळं मी पाहिलं. धाकटा नऊ वर्षांनी आखातातून आला. आमच्याकडे मेजवानीला गोष्टीतल्यासारखं पोसलेलं वासरू नव्हतं, कोंबडी होती. ती आणायला इथल्या द्वारका चौकापर्यंत मीच गेलो.

जेवताना वडील रडले. मी पंधरा वर्षं रोज समोर होतो, माझ्यासाठी रडलेले आठवत नाहीत. मी ताट घेऊन गच्चीवर गेलो. वडिलांना जिना चढायची परवानगी नव्हती. तरी ते चढून आले आणि शेजारी बसले. बोलले काहीच नाहीत, धाप लागली होती.

त्या गोष्टीतही बाप दोनदा बाहेर येतो, एकदा धाकट्यासाठी, एकदा थोरल्यासाठी. रुसून बाहेर राहिलेला थोरला शेवटी आत गेला का, ते लिहिलेलंच नाही. मी गेलो. कोंबडी गार झाली होती.

काका, तुम्हाला अजून एखादं मूल असेल तर त्याच्याकडेही बघा.

शरणपूरकर६६ | ५ डिसेंबर, सकाळी ६:२०

मुलगी आहे. इंदिरानगरला दिली. काल रात्री तुमचं वाचून तिला फोन केला. ती घाबरली, म्हणाली काय झालं, मम्मी बरी आहे ना?

नाशिकरोडची_मेरी | ५ डिसेंबर, सकाळी १०:००

आमच्याकडे अशा आयांची संत आहे, मोनिका. मुलगा ऑगस्टीन. तो भलत्या पंथात गेला तेव्हा तिने त्याला घरात राहू द्यायचंही नाकारलं होतं. मग एका स्वप्नानंतर तिने पुन्हा त्याला आपल्या पानाला बसवलं. तेव्हाही तो त्याच पंथात होता, बरं का. पुढे तो तिला फसवून रात्री जहाजाने रोमला निघून गेला. ती मागोमाग इटलीत गेली. ३८७ साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी ती वारली. आमची आई माझ्या भावासाठी तिचं नाव घ्यायची आणि फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला मेणबत्ती लावायची. भाऊ आला का? नाही. पण आईची कडवट जीभ गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आता तो आईच्या वाढदिवसाला फोन करतो. अकरा मिनिटं. आई मोजते.

सिडको_४ | ५ डिसेंबर, सकाळी १०:२६

माझ्यामागे कोणी मिलानला आलं असतं तर मी पुढची बोट पकडली असती. 😄

कोर्टातली_काकू | ५ डिसेंबर, दुपारी ४:१५

काकांनी मला निरोप पाठवून विचारलं आहे, उत्तर इथेच देते, इतरांनाही उपयोगी पडेल. त्यांचे धाकटे बंधू म्हणतात, पेपरात जाहीर नोटीस द्या की मुलाशी आमचा संबंध नाही.

अशा नोटिशीने मुलाचा वारसाहक्क जात नाही. ख्रिस्ती माणसाला १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र न करता गेलात तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांत समान, मग नोटीस फ्रेम करून भिंतीवर लावा. मृत्युपत्र केलंत तर मिळकत हवी त्याला द्या. ख्रिस्ती मुलांना जन्मतः वाटा नसतो. २००७च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, कायद्यात महिना दहा हजारांपर्यंतची मर्यादा आहे, पण तुम्हाला पेन्शन आहे. आणि तुम्हाला हवंय ते कुठलंच ट्रिब्युनल देत नाही. नोटिशीचे पैसे वाचवा.

जुना_संडेस्कूलवाला | ५ डिसेंबर, सायंकाळी ६:०२

नोटीस नकोच. एवढं मीही म्हणतो.

पाळकीणबाई | ६ डिसेंबर, दुपारी २:४०

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही, ती बायबलमधल्या दावीद राजाची आणि त्याच्या मुलाची, अबशालोमाची. अबशालोमाने भावाचा खून केला, त्यालाही कारण होतं, बहिणीवर अत्याचार झाला होता. तो गशूरला पळाला. तीन वर्षं तिथे. दावीदाचा जीव त्याच्यासाठी झुरत होता, असं शास्त्रच सांगतं. दावीदाचा सेनापती यवाब याने मध्ये पडून त्याला परत आणला. आणि दावीद म्हणाला, त्याने आपल्या घरी जावं, माझं तोंड बघू नये. एकाच शहरात दोन वर्षं. शेवटी पोराने यवाबाचं जवाचं शेत पेटवून दिलं, कोणीतरी लक्ष द्यावं म्हणून. त्यानंतर भेट झाली, पण उशीर झाला होता. पुढचं अबशालोमाचं बंड, त्याचा मृत्यू आणि दावीदाचं ते रडणं सगळ्यांना पाठ आहे.

अर्धं बोलावणं हे न बोलावण्यापेक्षा वाईट. काका, तुमच्या बाजूने मुलाला शेवटचं काय बोललं गेलं होतं? शब्द आठवतात का?

शरणपूरकर६६ | ७ डिसेंबर, पहाटे ५:०५

आठवतात.

हे पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं. नात झाली तेव्हा मुलाने आपणहून फोन केला होता. मी म्हणालो, अभिनंदन, बाप्तिस्मा कधी? तो म्हणाला, पप्पा, ती पाच आठवड्यांची आहे, तिला कावीळ झाली होती, आत्ता घरी आणलीय. मी म्हणालो, बाप्तिस्म्याची तारीख ठरली की कळव, त्या दिवशी आम्ही येऊ. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ठीक आहे.

कळवलं नाही. मंडळींना मी सांगितलं की फोन आला होता, सगळे बरे आहेत. काविळीचं आणि तारखेचं सांगितलं नाही.

साडेतीन वर्षं पहाटे गुडघे टेकतोय ते मुलाचं मन बदलावं म्हणून. आज अजून टेकलेले नाहीत. आधी हे लिहायला बसलो.

देवळालीकर | ७ डिसेंबर, सकाळी ७:३०

काका 🙏

सिडको_४ | ७ डिसेंबर, सकाळी ८:१२

हे लिहायला किती जड गेलं असेल ते कळतंय. आमच्याकडून असं कोणी लिहिलं असतं तर मी निदान वाचलं असतं.

आधी काकूंना सांगा.

शरणपूरकर६६ | ७ डिसेंबर, रात्री ९:००

सांगितलं. त्या दुपारभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, मला कावीळ उतरवणारी बाई माहीत होती. एवढंच.

मुलाला मेसेज लिहिला आहे, तपासून द्या:

'प्रिय बाळा, प्रभूच्या असीम कृपेने आम्ही उभयता कुशल आहोत. तू आमच्याशी जसा वागलास त्याबद्दल आम्ही तुला अंतःकरणापासून क्षमा केली आहे. माझ्याकडूनही काही उणे-अधिक झाले असेल, पण त्यामागे तुझे आत्मिक हितच होते. कलस्सै ३:२० वाचावे. नाताळला सहकुटुंब यावे.'

कोर्टातली_काकू | ७ डिसेंबर, रात्री ९:०४

ही तर जाहीर नोटीसच झाली.

पाळकीणबाई | ७ डिसेंबर, रात्री ९:२०

काका, 'मुलांनो, सर्व गोष्टींत आईबापांच्या आज्ञा पाळा' हे २०वं वचन. त्याच्या खालचंच २१वं बापांसाठी आहे, मुलांना चिरडीस आणू नका म्हणून. ते तुम्ही वाचा, त्याला एकही वचन पाठवू नका. 'क्षमा केली' काढा, त्याने मागितलेली नाही. 'पण'पासून 'होते'पर्यंत काढा. 'उणे-अधिक' काढून जे झालं ते लिहा.

थोरला | ७ डिसेंबर, रात्री ९:२८

'उभयता कुशल'ही काढा. पत्रिका वाटते.

जुना_संडेस्कूलवाला | ७ डिसेंबर, रात्री ९:५१

'प्रभूच्या कृपेने' राहू द्या की. तेवढं तरी.

तिखट_जाळ | ७ डिसेंबर, रात्री ९:५५

आणि सुनेचा उल्लेखच नाही! 'सहकुटुंब' हॉलच्या बुकिंगला लिहितात.

शरणपूरकर६६ | ८ डिसेंबर, सकाळी ६:४५

पाठवला:

'तुझी मुलगी आजारी असताना मी तिची विचारपूस न करता बाप्तिस्म्याचं विचारलं. चुकलं माझं. तिला, तुझ्या बायकोला आणि तुला भेटायला पुण्याला यावंसं वाटतं. तू म्हणशील तेव्हा. नको म्हणालास तरी मी समजून घेईन. पप्पा.'

दोन निळ्या खुणा आल्या आहेत.

नाशिकरोडची_मेरी | ८ डिसेंबर, सकाळी ७:१५

आता सारखा फोन उघडून बघू नका. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, फिरून या.

शरणपूरकर६६ | १२ डिसेंबर, रात्री १०:१८

उत्तर आलं. पूर्ण देतो: 'बघतो. गुडघे कसे आहेत?'

तिखट_जाळ | १२ डिसेंबर, रात्री १०:२२

आमच्या घरी 'बघतो' म्हणजे नाही.

थोरला | १२ डिसेंबर, रात्री १०:२५

आमच्या घरी 'बघतो' म्हणजे कोंबडी आणा.

सिडको_४ | १२ डिसेंबर, रात्री १०:३१

एक मिनिट. गुडघ्यांचं तुम्ही घरात कोणालाच सांगितलं नव्हतं ना? फक्त इथे लिहिलं होतं.

शरणपूरकर६६ | १२ डिसेंबर, रात्री १०:४०

खरंच की. पुतणीला आत्ता विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.

देवळालीकर | १२ डिसेंबर, रात्री १०:४४

भाऊ, वाचत असशील तर आयडी काढ. सदस्यत्व फुकट आहे.